पिसांच्या पिशवीला गोधडीचे टाके

मंजू,

तुझी स्लीपिंग बॅग परत आली. तू गेल्यावर दहाव्या दिवशी. बर्फातल्या त्या ट्रेकला तंबूत तुझ्याबरोबर झोपणारी ती माधुरी घेऊन आली. बॅग, तुझी सॅक, बूट आणि गळ्यात अडकवायची ती नारिंगी शिट्टी. बाकीचं सामान तुझ्या दादानं तुझ्या खोलीत नेऊन ठेवलं. बॅग मात्र मी त्याच्या हातातून काढून घेतली. तिचं माप मी कमी केलं होतं, शिवलीही मीच होती.

तुझ्या शाळेतून फोन आला होता. तुझ्या नावानं छोटी पुस्तिका काढतायत, घरच्यांनी चार शब्द लिहून द्यावेत म्हणाले. दादानं दिलेत लिहून. जन्म लोणावळ्याचा, टाकवे बुद्रुकच्या शाळेत इतकी वर्षं नोकरी, विद्यार्थ्यांची लाडकी, डोंगर चढण्याची आवड, अविवाहित. 'मनमिळाऊ' हा शब्दही घातलाय. त्यानं मला वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, छान झालंय. मग आत येऊन दार लावलं आणि ओवीच्या जुन्या वहीत हे लिहायला बसले. हे पुस्तिकेत छापायचं नाही. तुझ्याशी भांडायचं राहिलंय, आणि नणंदेशी भांडण पुस्तिकेत छापत नाहीत.

पहिलं भांडण हे, की तू मला नाडी घालायला सांगितली होतीस.

तुमच्या ग्रुपमधला तो सहा फूट दोन इंचांचा मुलगा परदेशी गेला आणि जाताना ही बॅग तुला देऊन गेला. खरी पिसांची, बदकाची. नवी घ्यायची तर तुझा दोन महिन्यांचा पगार गेला असता, असं तू चार वेळा सांगितलंस. हॉलमधला टीपॉय सरकवून तू ती जमिनीवर पसरलीस, आत शिरलीस, झिप हनुवटीपर्यंत ओढलीस. तू चार फूट दहा इंच. पायाखाली दीड फूट बॅग नुसती लोळत होती. ओवी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. "आत्या, हिच्यात अजून एक आत्या मावेल," म्हणाली.

तू आत पडल्या पडल्याच मला समजावलंस. "वहिनी, ही रिकामी जागा वाईट. तिकडे वर थंडीत अंगाची सगळी ऊब ती जागा तापवण्यात जाते, आणि आपण कुडकुडत बसतो. पण कापू नकोस हं. खालून दीड फुटावर एक पट्टी शीव आणि तिच्यातून नाडी ओव. नाडी ओढली की खालचं बंद. तो भाग मी पायाखाली दुमडून घेईन."

"नाडी? परकर आहे का हा?"

"परकरच समज गं बाई."

तू हसलीस आणि मीही हसले. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी कोण? निम्म्या लोणावळ्यातल्या भाड्याच्या बंगल्यांचे पडदे, गाद्यांची कव्हरं, सोफ्यांच्या खोळी माझ्या मशीनवर होतात. लोकांना सांगायला काय तोंड राहील, की घरच्या माणसाला नाडी बांधून दिली? मनात म्हटलं, हिला शिवणातलं काय कळतं. तू शाळेतली बाई, मी शिवणारी.

बॅग घेऊन मी तिकोणा पेठेला गेले, माहेरी. आईच्या हाताखाली मी बाराव्या वर्षी सुई धरली. तिच्या गोधड्या तू पाहिल्यास, तुझ्या पलंगावरही एक आहे. जितका टाका जवळ तितकी ऊब जास्त, हे ऐकतच मी वाढले. आईनं बॅग मांडीवर घेतली, चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली.

"बाय, हितं तर हाताला कायच लागंना. ह्यात कापूस हाय का वारा?"

"पिसं आहेत आई. बदकाची."

तिनं बॅग उचलून झटकली. आतली पिसं एका कडेला जाऊन बसली, दुसऱ्या कडेला नुसतं कापड लोंबायला लागलं. आईचा चेहरा पडला. आमच्यात आतलं सारण हललं की शिवणारणीची नाचक्की.

"असं सरकतंय म्हंजे पोरीला थंडी वाजंल की. टाके घाल, जवळजवळ. मी बसते संगट."

आणि मंजू, आम्ही घातले. दोन दिवस आम्ही मायलेकी ओटीवर बसलो होतो. आधी मी खालचा दीड फूट कातरला. बाई गं, काय पिसं उडाली! अंगणभर. कोंबड्या बिचकून पार गोठ्याकडे पळाल्या. आई म्हणाली, "त्यांच्यातलंच कुनीतरी गेलंय वाटतं त्यान्ला." मग उरलेल्या बॅगेला आम्ही चार-चार बोटांवर धावदोरा घातला, वरून खालपर्यंत, दोन्ही कापडं घट्ट ओढून. कंपनीनं आत बारीक जाळीच्या भिंती घालून कप्पे केले होते. वरचं कापड आणि आतलं कापड एकमेकांना कुठंच टेकत नव्हतं. मला वाटलं, मशीनवाल्यांनी टाके घालायचा कंटाळा केला. आम्ही तो कंटाळा भरून काढला. शेवटी बॅग हातात घेतली तर कशी टणक लागली. झटकली तरी आत काही हलेना. आईच्या बोटांना सुया टोचून भोकं पडली होती, पण खूश होती म्हातारी.

तू शाळेतून घरी आलीस तेव्हा मी ती घडी करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली होती. तू उचललीस. दाबलीस. मग टाक्यांची एक रेघ बोटानं शेवटपर्यंत चाचपत नेलीस. तेव्हा तुझा चेहरा कसा होता ते मी रोज आठवायला बघते आणि मला आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही. मी बोलत होते. दोन दिवस कसे गेले, आईचे हात कसे सुजले, हे सांगत होते.

"केवढे टाके घातलेस गं वहिनी," एवढंच तू म्हणालीस.

मग आत शिरून बघितलंस. पाय तळाला बरोबर टेकले. "मापाला अगदी बरोबर बसली," म्हणालीस. "मावशींना माझा नमस्कार सांग." आणि मला मिठी मारलीस. खोटं काहीच बोलली नाहीस. मापाला ती बरोबरच बसली होती.

आता माधुरी काय म्हणाली ते सांगते.

ती आली तेव्हा घरात माणसं होती, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. रडून झालं होतं तिचं. चहा घेता घेता, माणसं जशी गेलेल्याच्या गमती सांगतात तशी ती सांगायला लागली. तू वाटेत सगळ्यांना पाढे म्हणायला लावलेस, स्वयंपाक्याला पिठलं शिकवलंस. आणि म्हणाली, "वहिनी, तिची ती बॅग! ग्रुपमध्ये सगळे चिडवायचे तिला. तिसऱ्या कॅम्पपासून ती रोज कुडकुडायची. सगळे कपडे घालून, वर रेनकोट चढवून आत शिरायची. लीडरकडे एक जास्तीची बॅग होती, चांगली जाड. तो म्हणाला, ही घ्या. तर म्हणते कशी, 'नको रे बाबा. वहिनी विचारणार, बॅग कशी होती. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगितलं तर वर्षभर ऐकवेल.' आम्ही इतके हसलो."

माधुरी हसत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. मंजू, माणसाच्या तोंडावरचं हसू इतक्या हळू उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं. "नाही हो वहिनी," ती घाईघाईनं म्हणाली, "थंडीचा काही संबंध नाही. विरळ हवेनं फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टरांनी लेखी दिलंय. कुणालाही होऊ शकतं." कप तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन गच्चीवर गेले. कपड्याच्या दोरीवर टाकली आणि खाली बसून तिच्यातून उन्हाकडे बघितलं. मधल्या फुगीर पट्ट्यांत अंधार होता. टाक्यांच्या रेघांत लख्ख उजेड. पीस म्हणून नाही तिथं, दोन पातळ कापडं एकमेकांना चिकटलेली, बस. चार-चार बोटांवर एक उघडी रेघ, गळ्यापासून तळव्यापर्यंत. मग शेजारच्या दोरीवर आईची गोधडी टाकली. तिच्यातून उजेड येत नाही, कारण आत लुगड्यांचे सात-आठ थर आहेत. टाका थर धरून ठेवतो. पण पिसांना धरून ठेवायचं नसतं, त्यांना फुगू द्यायचं असतं, हे गच्चीवर मला पाच मिनिटांत कळलं. आईला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तिच्या बोटांची भोकं अजून बुजली नसतील.

उन्हात बसून मला तुझा राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्यासारखीसाठीच. वाटलं, ही बाई चाळीस पोरांच्या वर्गात ओरडून बोलते, सरपंचाला तोंडावर सुनावते, शाळेला नळ आला नाही म्हणून पंचायतीत ठाण मांडून बसते. मग मला एक वाक्य सांगायला हिला काय झालं होतं? 'वहिनी, टाके उसव.' तीन शब्द.

मग आठवलं, काय झालं होतं ते.

ओवी आठवीत होती. गणितात नापास झाली आणि मी तिला हॉलमध्ये उभी करून अर्धा तास बोलले. तू शाळेतून आलीस, स्कूटरची किल्लीसुद्धा हातातच होती. ओवी आत गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "वहिनी, रागावू नकोस, पण तू हिच्याशी अशी बोलतेस ते बरोबर नाही. ती तुझ्यापासून गोष्टी लपवायला लागलीये." आणि मी काय म्हटलं? "तुला पोर नाही, तुला काय कळणार."

तू किल्ली खुंटीला अडकवलीस. हातपाय धुतलेस. संध्याकाळी नेहमीसारखी भाकरीला बसलीस माझ्याबरोबर. आणि त्यानंतर तू मला माझी एकही चूक दाखवली नाहीस. माझ्या भावाच्या लग्नात तुझ्या ब्लाउजची बाही मी घट्ट शिवली होती. दिवसभर तशीच वावरलीस आणि रात्री दंडावर लाल वळ दिसला तेव्हा म्हणालीस, काही नाही गं, डास चावला. मी म्हटलं, डास एवढा मोठा? तू हसलीस. मला तेव्हा शंका आली होती, मंजू. पण विचारलं नाही. बरं चाललं होतं माझं.

त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. एकदा मागणार होते. गेल्या वर्षी तू मला तिकोण्यावर नेलंस तेव्हा. जन्म माझा किल्ल्याच्या पायथ्याशी झाला, सरपणासाठी अर्ध्या डोंगरापर्यंत जाऊन आलेली मी, पण पार वर कधी गेले नव्हते. आमच्याकडच्या बायकांना वर काय काम? तू मला हाताला धरून त्या उंच पायऱ्या चढवल्यास, स्वतःची ढोपरं छातीला लागत होती तरी. वर जाऊन बसलो. खाली पवनेचं पाणी, आईचं घर बोटभर दिसत होतं. तू डब्यातली, मी केलेली थालीपिठं काढलीस. माझ्या तोंडात आलं होतं, मंजू, त्या दिवशी मी बोलले ते. आणि तू म्हणालीस, "वहिनी, थालीपीठ मस्त झालंय हं." मी म्हटलं, अजून घे. मीठ जास्त पडलं होतं त्यात. घरी येऊन खाल्लं तेव्हा कळलं.

तू माझ्यासाठी काय काय केलंस ते पुस्तिकेत येणार नाही. माझ्या पायमशीनला मोटर बसवायला दादा तयार नव्हता, तू गुपचूप कारागीर घेऊन आलीस. बंगलेवाल्यांशी भावाचं बोलायला मला लाज वाटायची, तर तू माझ्या शेजारी बसून फोनवर माझ्या आवाजात बोललीस. मी खेड्यातली, तुमच्या घरातली भाषा मला जमत नव्हती. 'न्हाई' म्हटलं की तुझी आई तोंड फिरवायची. तू मात्र मुद्दाम जेवताना म्हणायचीस, "मला भात न्हाई लागणार." सगळे हसायचे आणि माझं निभून जायचं. इतकं मला सांभाळलंस. आणि मी तुला काय दिलं? टाके.

मी गेले पंधरा दिवस घरात एकच प्रश्न विचारत फिरतेय. माझ्या शिवणानं झालं का? दादा म्हणतो, वेडी आहेस का, डॉक्टरांनी कारण लिहून दिलंय. मी म्हटलं, पण थंडीनं अंगातला जोर कमी झाला असेल, झोप झाली नसेल, त्यानं आजार वाढला असेल? तो म्हणतो, नाही गं, काहीतरीच तुझं. माधुरीला पुन्हा फोन केला, ती म्हणाली, अजिबात नाही वहिनी. खालच्या गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नका. सगळे नाही म्हणतात. आणि मला कुणाचंच खरं वाटत नाही. ते खरं बोलतायत की माझ्या पाऱ्याला घाबरून मला गोंजारतायत, हे मला ओळखताच येत नाही. इतक्या वर्षांत मीच घरादाराला शिकवलंय, की हिला तिची चूक सांगायची नाही. आता सगळ्यांना छान सवय झालीये.

काल रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा बॅग घेऊन गच्चीवर गेले. का गेले माहीत नाही. उसवायला घेतली असं म्हणू. कात्री, सुई सगळं होतं बरोबर. पहिला टाका उचलला आणि मागे ओवी येऊन उभी राहिली. अकरावीत आहे, माझ्याहून उंच झालीये, पण त्या वेळी भिंतीला चिकटून उभी होती.

"आई, आत्यानंही अशीच उजेडात धरून बघितली होती," ती म्हणाली.

मी वळले. "कधी?"

"तू दिलीस त्याच संध्याकाळी. तिच्या खोलीत, खिडकीशी. मला बोलावून दाखवलं. म्हणाली, हे बघ, इथून उजेड येतो तशी थंडी येणार."

"मग?"

"मग मी म्हटलं, आईला सांगू या. तर म्हणाली, नको. दोघींनी दोन दिवस घालवलेत, आजीचे हात सुजलेत. मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणाली, तुला ओरडेल, माझ्यासाठी कशाला खातेस ओरडा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा म्हणाली, अंगात दोन स्वेटर जास्त घालीन, त्यात काय."

माझ्या कानशिलात ते नेहमीचं सुरू झालं, मंजू. तुला माहीत आहे ते. एवढं सगळं माहीत असून ही पोरगी महिनाभर गप्प बसली? तोंड उघडलंच होतं मी. पण ओवीनं आधीच दोन्ही हात छातीशी घेतले होते, कुणी मारायला आलं की घेतात तसे. मी तिला कधी हात लावलेला नाही. तरी घेतले. मी कात्री खाली ठेवली.

"बोल पुढं," म्हटलं. "मी काही बोलणार नाही."

मग बोलली ती माझ्याकडे न बघता. ती रात्री झोपत नाही. डोळे मिटले की तिला तू खिडकीशी दिसतेस. वर्गात बाई काय शिकवतात ते तिला कळत नाही. बाबांना सांगावंसं वाटलं, पण बाबा मला सांगतील आणि मग काय होईल, म्हणून सांगितलं नाही. आम्ही सगळे जेवायला बसतो आणि मी 'माझ्या शिवणानं झालं का' विचारते, तेव्हा तिला वाटतं आता सगळे तिच्याकडे बघणार. "तू शिवलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं, आई," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी घाबरले म्हणून बोलले नाही. म्हणजे माझ्यामुळेच ना?"

पंधरा दिवस मी या घरात माझंच दुःख घेऊन फिरत होते, मंजू. भिंतीपलीकडे ही एकटी हे घेऊन झोपत होती, आणि मला पत्ता नव्हता. तू मला एकदा सांगितलं होतंस, ती माझ्यापासून लपवायला लागलीये.

मी तिच्याजवळ गेले. तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. हात मध्ये धरून म्हणाली, "आधी सांग. खरं सांग. मी तेव्हा येऊन सांगितलं असतं, तर तू ते टाके उसवून दिले असतेस ना?"

खाली कुणाच्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. ओवी माझ्या डोळ्यांत बघत होती. मी हो म्हटलं असतं, तर मी चांगली आई ठरले असते आणि ती जन्मभर गुन्हेगार. पण मी त्याचा हिशेब करत नव्हते. मी तो दिवस आठवत होते. इस्त्रीचं टेबल, आईचे सुजलेले हात, माझा तो रुबाब. ओवी दारात येऊन उभी आहे आणि म्हणतेय, आई, यातून थंडी जाईल. मी काय केलं असतं ते मला लख्ख दिसलं.

"नाही," मी म्हटलं. "मी तुझ्यावर ओरडले असते. कालची पोरगी मला शिवण शिकवते म्हणून. आत्यानं तुला पुढं केलं म्हणून तिच्याशीही बोलले नसते. आणि बॅग तशीच दिली असती."

"नक्की?"

"नक्की."

ती माझा चेहरा तपासत राहिली, मी तिला गोंजारतेय का ते बघत. या घरात वाढलेली पोर, तिला ते ओळखता येतं. मग तिनं हात खाली घेतले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतकी रडली की खालून तुझा दादा वर धावत आला.

मंजू, तिला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हटलं नाही. मी नसतीच उसवली गं.